एका चुलीचा हिशेब

गेल्या वर्षी कोजागिरीला आम्ही सात जोडपी एका मित्राच्या गच्चीवर जमलो होतो. दूध आटत होते आणि विषय नेहमीचाच होता. कुणाचा मुलगा टोरांटोला, कुणाची मुलगी मेलबर्नला, कुणाला मूलबाळ नाही. आमच्यातला धाकटा बावन्न वर्षांचा, थोरला एकसष्टचा. 'भोरकडे जागा घेऊ, आणखी ओळखीचे लोक जमवून वीसेक घरे बांधू, एक मोठे स्वयंपाकघर करू आणि म्हातारपणी एकत्र राहू' ही कल्पना पूर्वीही अनेकदा निघाली होती. या वेळी ती दूध पिऊन झाल्यावरही टिकली. एकजण म्हणाला, "खर्च निम्म्यावर येईल." दुसरा म्हणाला, "निम्म्यावर कसला, दुप्पट होईल." आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिले. "तू एवढे वाचतोस, तूच सांग."

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटले. पुढे तीस वर्षे छापखान्यांचे हिशेब लिहिले आणि उरलेल्या वेळात ग्रंथालयांत बसून घरखर्च या एकाच विषयावर हाती लागेल ते वाचत गेलो. त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता. शिवाय त्यात आमच्या घराचेही पैसे अडकणार होते. वर्षभर त्याच्या मागे लागून जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

आधी शब्दाचे. इंग्रजीत ज्याला को-हाउसिंग म्हणतात त्याला मी 'सहनिवास' म्हणेन. सहनिवास म्हणजे एकत्र कुटुंब नव्हे, आश्रम नव्हे आणि कम्यूनही नव्हे. प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे, स्वयंपाकघर वेगळे, मिळकत वेगळी आणि दाराला आतून कडी. त्याखेरीज सर्वांचे मिळून एक सामाईक घर असते. त्यात मोठे स्वयंपाकघर, पंगत बसेल एवढी जागा, कपडे धुण्याची यंत्रे, पाहुण्यांची खोली, हत्यारे-अवजारांची खोली. आठवड्यातले काही दिवस जेवण तिथे होते आणि ते रहिवासीच पाळीपाळीने करतात. मुख्य म्हणजे हे लोक घरे बांधून झाल्यावर शेजारी होत नाहीत. आधी एकत्र येतात, आराखडा ठरवतात, मग बांधतात.

याची आधुनिक सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली. यान गुडमन-हॉयर या वास्तुकाराने १९६४ मध्ये मित्रांना घेऊन कोपनहेगनजवळ अशी वस्ती करण्याचा घाट घातला. आसपासच्या रहिवाशांच्या विरोधामुळे तो फसला. १९६७ मध्ये बोडिल ग्रो या लेखिकेने एका दैनिकात लेख लिहिला. मुलांना शंभर आईबाप असावेत, असा त्याचा मथळा होता. पुढच्याच वर्षी गुडमन-हॉयरने आपला लेख लिहिला. त्याच्या मथळ्यात त्याने या वस्तीला स्वप्नातला समाज आणि कालबाह्य झालेले एका कुटुंबाचे घर यांच्यामधला हरवलेला दुवा म्हटले होते. या दोन लेखांभोवती माणसे जमली आणि १९७२ मध्ये हिलरॉडजवळ 'सेटेडामेन' ही सत्तावीस घरांची वस्ती उभी राहिली. ती अजूनही आहे. १९८८ मध्ये कॅथरिन मॅकॅमंट आणि चार्ल्स ड्यूरेट या अमेरिकी वास्तुकारांनी डेन्मार्कमधल्या वस्त्यांवर पुस्तक लिहिले, त्यातून इंग्रजी शब्द रूढ झाला आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावी अमेरिकेतली पहिली अशी वस्ती बांधली गेली.

मुलांना मोकळीक मिळावी, मोठ्यांना सोबत मिळावी, यासाठी हे लोक जमले होते. काटकसरीसाठी नव्हे. 'खर्च निम्म्यावर येईल' हे आमच्या गच्चीवरचे वाक्य त्या दोन मथळ्यांत कुठेच बसत नाही. पण वाक्य अगदीच निराधारही नाही. त्यामागे एक जुना आणि खरा अनुभव आहे: माणसे वाढली की माणशी खर्च कमी होतो. दोघांना एक दिवा पुरतो, चौघांनाही तोच पुरतो.

हे किती प्रमाणात होते याची कोष्टके देशोदेशींच्या संख्याशास्त्रज्ञांनी केली आहेत. एक जुने कोष्टक असे: घरातल्या पहिल्या प्रौढाची गरज १ धरली, तर पुढच्या प्रत्येक प्रौढाची ०.७ आणि मुलाची ०.५. नंतरच्या, युरोपात आज वापरल्या जाणाऱ्या कोष्टकात हेच आकडे १, ०.५ आणि ०.३ झाले. तिसरी रीत वर्गमूळ काढण्याची. चार माणसांच्या घराला एकट्या माणसाच्या चौपट नव्हे, दुप्पट पैसे लागतात, असे ती धरते. म्हणजे चार एकटी माणसे एका घरात आली तर खर्च खरोखरच निम्म्यावर. आमचा मित्र अगदीच चुकला नव्हता!

पण ही कोष्टके 'एका घरा'ची आहेत. आपल्या जनगणनेत कुटुंब कशाला म्हणायचे, तर जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरातले अन्न खातात त्यांना. इरावती कर्व्यांनी एकत्र कुटुंबाची व्याख्या करतानाही एका छपराबरोबर एका चुलीचा उल्लेख केला आहे. सहनिवासात छपरे वीस आणि चुली एकवीस. बुधवारी रात्री सगळे सामाईक घरात जेवतात तेव्हा जनगणनेच्या हिशेबाने ते एक कुटुंब, गुरुवारी पुन्हा वीस. त्यामुळे वर्गमूळ काढून उपयोग नाही. खर्चाची एकेक बाब उचलून पाहावी लागते: माणसे वाढली तरी कोणती वाढत नाही, आणि ती सहनिवासात खरोखर वाटली जाते का?

पहिली आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे जागा. स्वीडनमध्ये सहनिवासाला 'कोलेक्टिव्हूस' म्हणतात आणि तिथला प्रघात मला फार शहाणपणाचा वाटला. प्रत्येक घर नेहमीच्या मापापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी लहान बांधायचे आणि वाचलेली जागा एकत्र करून सामाईक घर करायचे. आपल्या मापात समजून घेऊ. समजा, आठशे चौरस फुटांची वीस घरे बांधायची आहेत. एकूण सोळा हजार फूट. प्रत्येक घर सातशे वीसचे केले, तर सोळाशे फूट मोकळे होतात. त्यात स्वयंपाकघर, भोजनगृह, धुण्याची खोली, पाहुण्यांच्या दोन खोल्या आरामात बसतात. बांधकाम तेवढेच, खर्च तेवढाच. मात्र आठशेच्या पैशांत सातशे वीस खासगी फूट आणि सोळाशे सामाईक फूट मिळाले. नीट पाहिले तर यात एक रुपयाही वाचलेला नाही. वाचवायचे असतील तर घर आणखी लहान करावे लागेल. सहाशे चाळीसचे घर आणि सामाईक जागेतला वाटा ऐंशी, असे सातशे वीस झाले, तर बांधकामाच्या खर्चात दहा टक्के बचत.

आपल्याकडच्या नव्या गृहसंकुलांत याच्या नेमके उलटे होते. तिथेही क्लब हाऊस असते, व्यायामशाळा असते, 'मल्टिपर्पज हॉल' असतो. पण त्यापोटी कुणाचेही घर लहान झालेले नसते. आठशेच्या वर आणखी ऐंशीचे पैसे. २०१६ च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्रावर व्यवहार करणे सक्तीचे केले, म्हणून निदान आपण घरात किती फूट विकत घेतले ते कळते. सामाईक जागेचा भार दरात मिसळून गेलेला असतोच. मग दरमहा देखभालीच्या रकमेतही तो येतो. माझ्या परिचयाच्या एका संकुलातले क्लब हाऊस वर्षातून दोनदा उघडते, गणपतीत आणि सर्वसाधारण सभेला. सामाईक जागा असणे आणि ती वापरून खासगी जागा कमी करणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीने खर्च वाढतो, फक्त दुसरीने कमी होतो.

घर लहान करायला निघालो की पहिली कुऱ्हाड कुणावर पडते? मुलाच्या खोलीवर. आमच्या सात जोडप्यांपैकी पाच घरांत परदेशातल्या मुलासाठी राखलेली खोली आहे. तिच्या कपाटात त्याची शाळेची प्रशस्तिपत्रके आहेत. तो वर्षातून फार तर तीन आठवडे येतो. मी गच्चीवरच्या मंडळींपुढे एक हिशेब ठेवला. समजा, खोली एकशेवीस फुटांची आणि दर फुटाला सात हजार रुपये. किंमत आठ लाख चाळीस हजार. हे पैसे सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे व्याज अठ्ठावन्न हजार आठशे. एकवीस दिवसांनी भागले, तर मुलाच्या मुक्कामाची एक रात्र दोन हजार आठशे रुपयांना पडते, आणि यात रंगरंगोटी धरलेली नाही. त्याऐवजी वीस घरांत मिळून पाहुण्यांच्या दोन खोल्या पुरतात, फक्त सगळ्यांची मुले नाताळच्या सुट्टीत एकदम येऊ नयेत. हिशेब सगळ्यांना पटला. पटला, पण नंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. खोलीची किंमत काढता येते. ती सोडणे म्हणजे तो आता परत येणार नाही हे मान्य करणे, ते व्याजाच्या दराने मोजता येत नाही. मलाही ते जड गेले, हे लपवून काय करू?

जागेनंतर जेवण. इथे माझी अपेक्षा चुकली. एकत्र स्वयंपाकाने भरपूर पैसे वाचत असणार, असे मी धरून चाललो होतो. अन्नाच्या खर्चाबाबत अर्थशास्त्रज्ञांमध्ये मात्र एक कोडे आहे. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन यांनी १९९८ मध्ये ते मांडले. तर्क असा: मोठे कुटुंब दिवा, भाडे, भांडी यांत वाचवते, म्हणजे माणशी खर्च सारखाच असला तरी ते खऱ्या अर्थाने थोडे सुखवस्तू असते, म्हणून, विशेषतः गरीब देशांत, जिथे पोटभर खाण्याची ओढ शिल्लक आहे, तिथे वाचलेल्या पैशांतले काही अन्नावर जावेत आणि मोठ्या कुटुंबात माणशी अन्नखर्च जास्त दिसावा. त्यांनी श्रीमंत आणि गरीब अशा सात देशांची आकडेवारी तपासली. दिसले उलटेच. कुटुंब मोठे, तर माणशी अन्नखर्च कमी. आणि तोही गरीब देशांत अधिक ठळकपणे. नंतर अनेकांनी अनेक खुलासे केले: घाऊक खरेदी, कमी नासाडी, तयार पदार्थांऐवजी घरचा स्वयंपाक, मोठ्या घराला विचारल्यावर काही खर्च सांगायचे राहून जाणे. वाद मिटलेला नाही.

घाऊक खरेदीचा फायदा खरा आहे. पण आमच्या वयाच्या मध्यमवर्गीय घरात किराणा हा आता खर्चाचा मोठा भाग उरलेला नाही. गव्हाचे पोते घेतल्याने जे वाचते ते औषधांच्या एका बिलात जाते. दूध, फळे, भाजी माणसागणिक लागतात, त्यांत फारशी सूट नाही. तेव्हा सामाईक स्वयंपाकघराने वाचते काय? वाचतो तो वेळ. आणि इथे हिशेबाच्या वहीत एक रकाना कमी पडतो.

तो रकाना पहिल्यांदा उघडला एका बाईने. मेलुसिना फे पिअर्स यांनी १८६८-६९ मध्ये अमेरिकेतल्या 'अटलांटिक मंथली' मासिकात सहकारी घरकामावर लेखमाला लिहिली. स्त्रियांनी स्वयंपाक, धुणे, शिवण ही कामे घरोघर एकेकटीने करण्याऐवजी एकत्र येऊन करावीत आणि त्याचे दाम नवऱ्यांकडून रोख घ्यावेत, अशी त्यांची योजना होती. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावात १८६९ मध्ये त्यांनी अशी संस्था काढलीही. १८७१ मध्ये ती बंद पडली. यजमानांचा विरोध हे त्याचे एक मोठे कारण होते. वाचताना मला हसू आले आणि मग नाही आले. त्या जे म्हणत होत्या तेच आपल्या सरकारी आकड्यांत आता छापून येते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार भारतात घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात असे पुरुष चारांत जेमतेम एक.

पिअर्सबाईंनंतर पासष्ट वर्षांनी स्वीडनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवण्याचा प्रयत्न झाला. स्टॉकहोममध्ये १९३५ मध्ये वास्तुकार स्वेन मार्केलियस यांनी, आल्वा मिर्डाल यांच्या विचारांना धरून, एक इमारत बांधली. तळमजल्यावर मोठे स्वयंपाकघर आणि पाळणाघर. जेवण छोट्या लिफ्टने थेट प्रत्येक घरात. काम मात्र पगारी नोकरांचे. पगार वाढत गेले तशा अशा इमारती महागल्या. स्टॉकहोमच्या हेसेल्ब्यू भागात अशीच एक मोठी वसाहत होती. १९७६ मध्ये तिच्या मालकाने तिथले भोजनगृह बंद केले. रहिवाशांपैकी काहींनी मिळून स्वतःच स्वयंपाक सुरू केला आणि त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला हे जमते, स्वस्त पडते आणि मजाही येते. त्याच सुमारास स्वीडनमधल्या काही स्त्रियांच्या गटाने वीस ते पन्नास घरांची, नोकरांवाचून चालणारी वस्ती कशी असावी हे लिहून काढले. आजचे बहुतेक स्वीडिश सहनिवास त्याच वाटेने चालतात. पाळी सगळ्यांना: बाई, पुरुष, प्राध्यापक, निवृत्त न्यायाधीश.

मग वेळ खरेच वाचतो का? पुन्हा एक कल्पित हिशेब. वीस घरे, चाळीस प्रौढ, आठवड्यातून तीन रात्री एकत्र जेवण. महिन्याला तेरा जेवणे. प्रत्येक घरी वेगळा स्वयंपाक केला तर एका वेळेला तास धरू. घरटी तेरा तास. एकत्र केला तर तीन माणसे, प्रत्येकी तीन तास, भांडी-झाडलोटीसह. तेरा जेवणांचे एकशे सतरा तास, वीस घरांत वाटले तर घरटी सहाच्या आत. म्हणजे सात तास वाचले. पण सहनिवासात बैठका असतात, आणि त्या फार असतात. पाण्याच्या टाकीपासून कुत्र्यांपर्यंत सर्व काही सर्वांनी मिळून ठरवायचे. शिवाय महिन्यातून एक सकाळ श्रमदान. दोन्ही मिळून माणशी सहा तास धरले, तर घरटी बारा. सहा आणि बारा, अठरा. वाचले सात आणि लागले बारा! घराच्या दृष्टीने पाच तासांचा तोटा.

मी हे लिहून आठ दिवस तसेच ठेवले होते. एकदा जमाखर्च तपासताना लक्षात आले की घर म्हणून बेरीज केल्याने काहीतरी झाकले जाते आहे. पूर्वीचे तेरा तास कुणाचे होते? आमच्या पिढीच्या घरांत, खरे बोलायचे तर, जवळजवळ सगळे बाईचे. नव्या रीतीत तिचे स्वयंपाकाचे तीन आणि बैठका-श्रमदानाचे सहा, असे नऊ. पुरुषाचेही नऊ. तिचे चार तास वाचले, त्याचे नऊ वाढले. म्हणजे सहनिवासात घरकाम कमी होत नाही, ते हलते. कुणाकडे हलते यावर तो स्वस्त की महाग हे ठरते.

आपल्या जुन्या अनुभवाकडे या नजरेने पाहिले की तो वेगळाच दिसतो. मुंबईत माणसे एकत्र राहून खर्च कमी करत आली आहेत, तेही डेन्मार्कच्या कितीतरी आधीपासून. गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत, धोबी तलाव, माझगाव अशा भागांत आपली 'कूड' चालवली. जहाजांवर नोकरी शोधायला आलेल्या गावकऱ्याला नाममात्र मासिक वर्गणीत पथारीपुरती जागा, भिंतीशी ट्रंक आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. गिरणगावात कोकणातले, घाटावरचे कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. त्यांचा माणशी खर्च इतका कमी होता की गावी पैसे पाठवता येत. पण खानावळवाली बाई पहाटेपासून पंधरा-वीस जणांचे डबे रांधत होती आणि सामान उधारीवर आणत होती. तिच्यापर्यंत बँकेचे कर्ज पोचवण्यासाठी प्रेमा पुरव यांना १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढावे लागले. गिरणी कामगाराची बचत आणि तिचे कष्ट ही एकाच पानाची दोन अंगे होती. एकत्र कुटुंबाबद्दल वेगळे काय सांगू! 'एका चुलीत किती भागायचे' असे कौतुकाने म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती चूल फुंकलेली असते.

या जुन्या व्यवस्था आणखी एका कारणाने स्वस्त होत्या. त्यांत माणसे एका गावाची किंवा एका जातीची असत. भांडणे कमी, विश्वास आयता. १९१२ च्या कायद्याने पतपेढ्यांखेरीज इतर सहकारी संस्थांना वाट मोकळी केली आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांचे हे काम फार मोठे आहे; आजची प्रत्येक 'सोसायटी' त्या रोपट्याची फांदी म्हणावी लागेल. पण नावातच सारस्वत होते. आमच्या सात जोडप्यांत पाच जातींचे लोक आहेत, तिघे कट्टर शाकाहारी आहेत आणि दोघांना रविवारी मटण लागते. दोन स्वयंपाकघरे केली की वरची बचत गेली. एक केले तर कुणीतरी काहीतरी सोडायचे. याचा आकडा मला काढता आला नाही.

आता बांधण्याचा खर्च. येथे 'दुप्पट होईल' म्हणणारा मित्र अधिक जवळ येतो. लंडनच्या बार्नेट भागात साठीच्या पुढच्या-मागच्या स्त्रियांनी बांधलेला 'न्यू ग्राउंड' हा पंचवीस घरांचा सहनिवास आहे. १९९८ मध्ये गट जमला, राहायला गेल्या २०१६ मध्ये. अठरा वर्षे! तोवर प्रत्येकीला आपले जुने घर चालवावे लागले आणि सगळ्या जणी तो दिवस पाहू शकल्या नाहीत. हौशी लोकांनी एकमताने निर्णय घेत बांधकाम करायचे म्हणजे वास्तुकाराच्या खेपा वाढतात, वकिलाचे पैसे वाढतात, अडकलेल्या पैशांवरचे व्याज चालू राहते. विकासकाचा नफा वाचतो, पण त्याने घेतलेली जोखीमही आपल्याच डोक्यावर येते.

खर्च कमी व्हावा हेच उद्दिष्ट धरून केलेला एक प्रयोग मात्र आहे, इंग्लंडमधल्या लीड्सचा 'लायलॅक'. वीस घरे, भिंती लाकडी चौकटीत गवताचे भारे भरून केलेल्या, त्यामुळे थंडीतही घर तापवायला इंधन कमी. २०१३ पासून वस्ती पूर्ण भरली. तिथे घर कुणाच्याच नावावर नाही, संस्थेच्या नावावर आहे. प्रत्येक कुटुंब आपल्या निव्वळ मिळकतीच्या पस्तीस टक्के रक्कम संस्थेला देते आणि त्या प्रमाणात त्याचे भाग साठत जातात. सोडून जाताना भागांची किंमत बाजारभावाने मिळत नाही. ती देशातल्या पगारांच्या वाढीशी बांधलेली आहे. ज्याची मिळकत कमी, त्याचा हप्ता कमी. हे स्वस्त आहे यात शंका नाही. पण ते एकत्र जेवल्यामुळे स्वस्त झालेले नाही. घराची किंमत वाढून आपल्याला नफा होईल हा हक्क रहिवाशांनी सोडला, म्हणून झाले आहे. पुण्यात घर ज्याला आपण 'गुंतवणूक' म्हणतो ती सोडायला किती जण तयार होतील? मी स्वतः पाहिजे तर चार दिवस मागून घेईन.

उरली म्हातारपणाची बाब, आणि आमच्या वयाला तीच खरी. रात्रंदिवस ब्यूरोची बाई ठेवण्याचा खर्च ज्यांनी केला आहे त्यांना किराण्याची बचत सांगू नये. सहनिवासात शेजारी असतात. कुणी सकाळी चहाला आले नाही तर दार वाजवले जाते, डॉक्टरकडे नेले जाते, आठवडाभर डबा पोचतो. यामुळे स्वतंत्र राहण्याचे दिवस वाढतात आणि तेवढे दिवस पगारी मदत लागत नाही. पण न्यू ग्राउंडच्या बायका स्वच्छ सांगतात की आम्ही एकमेकींवर लक्ष ठेवतो, शुश्रूषा करण्याचे वचन देत नाही. शिवाय सगळे एकाच वयाचे असतील तर सगळे एकदमच थकतात. आमच्या यादीत चाळिशीच्या आतले एकही कुटुंब नाही, हे मी मंडळींना तीनदा सांगितले आहे.

भाद्रपदात आम्ही पुन्हा बसलो तेव्हा मी दोन पाने वाटली. एका पानावर पैसे, दुसऱ्यावर तास. पहिल्या पानाचा निष्कर्ष असा: घरे सहाशे चाळीस फुटांची केली, मुलांच्या खोल्या सोडल्या आणि वीस घरांत मिळून सहा गाड्यांवर भागवले, तर खर्च कमी होतो, यांतले काहीच केले नाही, तर आतापेक्षा वाढतो. दोन जोडप्यांनी तिथेच रजा घेतली, मुलाच्या खोलीवरून. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटत नाही. निदान त्यांनी दहा लाख भरल्यावर तरी सांगितले नाही. एकाने सुचवले की पाळ्या कशाला, स्वयंपाकाला दोन बाया ठेवू, पुण्यात त्या परवडतात. खरे आहे. पुण्यात परवडतात म्हणूनच इथे हा प्रश्न स्वीडनइतका टोकाला आलेला नाही. मार्केलियसच्या इमारतीची गोष्ट मी पुन्हा एकदा सांगितली. पटली नाही.

दुसरे पान वाचून एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नऊ तास माझे आणि नऊ तास ह्यांचे, हे आधी ह्यांच्याकडून लिहून घ्या. मग जमिनीचे बघू." जमिनीचेही सोपे नाही. पाहिलेला तुकडा शेतजमीन आहे, आमच्यात शेतकरी खातेदार कुणीच नाही, त्यामुळे बिगरशेती झालेली जागाच शोधावी लागेल आणि ती महाग आहे.

सध्या पाच जोडपी उरली आहेत. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी पुढची बैठक माझ्याकडे आहे. त्या दिवशीचा दहा जणांचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा आणि भांडी आवरून होईपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजायचा, असे ठरले आहे.